बंध कुठे तुटेल?



१९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत थॉमस मिजली या रसायनशास्त्रज्ञाने एक नवा वायू छातीभर ओढून घेतला आणि तो हळूहळू सोडत समोरची पेटती मेणबत्ती विझवून दाखवली. डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन हा तो वायू. पुढे फ्रेऑन-१२ या नावाने तो जगभरच्या फ्रिजमध्ये पोहोचला. वायू विषारी नाही आणि तो पेट घेत नाही, या दोन गोष्टी मिजलीला सिद्ध करायच्या होत्या आणि त्या सिद्ध झाल्या. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरत असत, आणि नळी गळली तर घरातली माणसे दगावत. ते पाहता मिजलीचा वायू हे खरोखरच वरदान होते. त्या दोन विधानांत आजही काही खोट निघालेली नाही. तरीही याच वायूने आणि त्याच्या भावंडांनी पृथ्वीभोवतीचा ओझोनचा थर पातळ केला, आणि या वायूंच्या उत्पादनाला आवर घालण्यासाठी १९८७ मध्ये जगाला मॉन्ट्रियल करार करावा लागला. पुरावा खरा असूनही निर्णय चुकला, याचे कारण मला असे दिसते की मुळात प्रश्नच अपुरा विचारला गेला होता. कार्बनला हॅलोजन जोडलेले संयुग आज, या खोलीत, या माणसाला काय करते एवढे विचारून भागत नाही. त्यातला बंध कुठे तुटेल, कशाने तुटेल आणि तुटल्यावर मागे काय उरेल, हे विचारावे लागते. या संयुगांचे गुण आणि त्यांचे अपाय एकाच बंधातून निघतात, म्हणून दोन्हींची उत्तरेही याच प्रश्नात आहेत, असे माझे प्रतिपादन आहे.

सुरुवात त्या बंधापासूनच करू. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही चार हॅलोजन मूलद्रव्ये आपल्याला आज लागतील. एका कार्बनला तीन हायड्रोजन आणि चौथ्या हाताला यांपैकी एक, असे रेणू घेतले तर तो चौथा बंध तोडायला लागणारी ऊर्जा बारावीच्या पुस्तकातही दिलेली असते: फ्लोरीनसाठी मोलमागे सुमारे ४५२ किलोज्यूल, क्लोरीनसाठी ३५१, ब्रोमीनसाठी २९३, आयोडीनसाठी २३४. अणू जितका मोठा तितकी कार्बनशी त्याची पकड सैल, असा हा उतार आहे. विद्यार्थ्यांना इथे एक कोडे पडते आणि ते पडलेच पाहिजे. इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्यात फ्लोरीनचा हात कोणी धरू शकत नाही. म्हणजे फ्लोरीनला जोडलेल्या कार्बनवर इलेक्ट्रॉनची उणीव जास्त, आणि इलेक्ट्रॉन घेऊन येणाऱ्या हायड्रॉक्साइडसारख्या आगंतुकाला तोच कार्बन सर्वांत आधी खुणावायला हवा. प्रयोगात नेमके उलटे दिसते. आयोडाइड झटपट जागा सोडतो, त्यानंतर ब्रोमाइड, मग क्लोराइड, आणि फ्लोराइड जवळजवळ हलतच नाही. बंध किती ध्रुवीय आहे यापेक्षा तो किती घट्ट आहे आणि निघून जाणारा आयन एकटा किती सुखाने राहू शकतो, यावर अभिक्रियेचा वेग ठरतो. आकर्षण आणि विघटन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या छोट्या तक्त्यात आहे आणि पुढच्या साऱ्या विवेचनाचा तोच पाया आहे.

बंध कसा तुटतो हे कळायलाही वेळ लागला. १८९६ मध्ये रीगा येथे पॉल वाल्डेन यांना आढळले की एका अणूच्या जागी दुसरा आणताना रेणूची डावी-उजवी घडण उलटते. त्याचा उलगडा १९३० च्या दशकात लंडनमध्ये ह्यूज आणि इंगोल्ड यांनी केला. आगंतुक मागच्या बाजूने येतो, हॅलोजन पुढच्या बाजूने बाहेर पडतो, आणि उरलेले तीन हात वाऱ्याने छत्री उलटावी तसे पलीकडे वळतात. पण मागची बाजू मोठ्या गटांनी अडवलेली असेल तर हा मार्ग बंद होतो; तिथे हॅलोजन आधी स्वतःहून निघून जातो आणि आगंतुक नंतर येतो. आणखी एक तिसरी वाट आहे. आगंतुक कार्बनला शिवतच नाही. तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उचलतो, हॅलोजन सुटतो आणि दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. या तिसऱ्या वाटेला विलोपन म्हणतात. ती लक्षात ठेवावी अशी विनंती आहे, कारण विसाव्या शतकातल्या एका मोठ्या शोकांतिकेचे रसायन तिच्यात आहे.

बंधाच्या बळाइतकाच त्याचा शेजारही महत्त्वाचा असतो. क्लोरोबेंझिनमधला क्लोरीन काढून तिथे हायड्रॉक्सिल बसवायचा तर कॉस्टिक सोडा, सुमारे ३५० अंश सेल्सियस तापमान आणि ३०० वातावरणांचा दाब लागतो. त्याच कड्याला तीन नायट्रो गट जोडा, आणि तोच क्लोरीन कोमट पाण्यानेही निघतो. उलट साध्या साखळीतल्या तृतीयक, म्हणजे तीन कार्बनांना जोडलेल्या, कार्बनवरचा क्लोरीन पाण्यात पडताच सुटू लागतो. तेव्हा एखाद्या पदार्थात क्लोरीन आहे एवढ्या माहितीवरून त्याच्याबद्दल काहीही ठरवता येत नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण सार्वजनिक चर्चेत दोन टोकाच्या भूमिका वारंवार ऐकू येतात. एक म्हणते की क्लोरीन आला की विष आले. दुसरी म्हणते की चाचणीत उंदीर मेला नाही म्हणजे पदार्थ निर्धोक. दोन्ही भूमिका बंधाकडे पाहतच नाहीत.

औषधांच्या इतिहासात याचा पुरावा सर्वांत स्पष्ट मिळतो. १९१७ च्या जुलैमध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने मस्टर्ड वायू वापरला. या रेणूच्या दोन्ही टोकांना क्लोरीन असतो आणि मधला गंधक आतूनच धक्का देऊन तो सहज बाहेर ढकलतो. रिकाम्या झालेल्या जागेला पेशीतला डीएनए चिकटतो. गंधकाच्या जागी नायट्रोजन बसवलेली याच घराण्यातली संयुगे १९४२ मध्ये येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या पुढाकाराने लिम्फोमाच्या रुग्णावर वापरली गेली, आणि कर्करोगावरील आधुनिक औषधोपचाराचा आरंभ तिथून मोजतात. आजही वापरात असलेले सायक्लोफॉस्फामाइड हे त्यांचेच वंशज. इथे क्लोरीनचे सहज सुटणे हेच औषध आहे. आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहा. १९५७ मध्ये हायडेलबर्गर यांनी मांडलेल्या फ्लोरोयुरॅसिलमध्ये हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवलेला आहे. आकाराने तो हायड्रोजनच्या जवळचा, म्हणून विकर त्याला ओळखत नाही आणि नेहमीचे काम सुरू करते. त्या कामाच्या शेवटी त्या जागेवरचा हायड्रोजन सुटावा लागतो. फ्लोरीन सुटत नाही, आणि विकर अर्ध्या कामात अडकून पडते. एका औषधाचा गुण बंध तुटण्यात, दुसऱ्याचा तो न तुटण्यात. दोघांतही हॅलोजन आहे, म्हणून त्यांना एका रांगेत बसवणे निरर्थक आहे.

भूल देण्याच्या औषधांची परंपरा याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरोत जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८४८ मध्ये, क्लोरोफॉर्म देताना झालेल्या मृत्यूची पहिली नोंद झाली. मृत्यू श्वास थांबल्याने होतात की हृदय थांबल्याने, या वादासाठी निजामाच्या खर्चाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. त्यांनी दोष श्वासावर टाकला, आणि हृदयाची बाजू खरी होती हे पुढच्या शतकात उघड झाले. तो वैद्यकाचा विषय आहे. रसायनाच्या बाजूने पाहिले तर क्लोरोफॉर्म हवा आणि प्रकाश यांच्या संगतीत हळूहळू फॉस्जीन या अतिविषारी वायूत बदलतो. पण हे विघटन नेमके कसे होते ते माहीत होते, म्हणून उपायही साधा निघाला: गडद रंगाची बाटली, ती काठोकाठ भरलेली, आणि आत थोडे इथेनॉल, जे तयार होणाऱ्या फॉस्जीनला निरुपद्रवी करून टाकते. पदार्थ कसा बिघडतो हे ठाऊक असेल तर त्याच्यासोबत राहता येते.

पुढची पायरी हॅलोथेनची. १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स सकलिंग यांनी हा रेणू जाणीवपूर्वक रचला. एका टोकाला तीन फ्लोरीन, म्हणून तो भाग घट्ट; दुसऱ्या टोकाला ब्रोमीन आणि क्लोरीन. पेट न घेणारे, ईथरसारखे स्फोटाचे भय नसलेले हे औषध १९५६ पासून शस्त्रक्रियागृहांत रूढ झाले आणि त्याने असंख्य शस्त्रक्रिया सुरक्षित केल्या. पण श्वासातून घेतलेल्या हॅलोथेनचा सुमारे पाचवा हिस्सा यकृतात मोडतो. तो मोडतो ब्रोमीनच्या सैल टोकाला, आणि उरलेला तीन फ्लोरीनचा तुकडा यकृतातल्या प्रथिनांना चिकटतो. काही थोड्या रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या प्रथिनांवर उलटते आणि यकृताचा जीवघेणा दाह होतो. मग उत्तर म्हणून शरीरात कमीत कमी मोडणारे रेणू शोधले गेले. आयसोफ्लुरेन मोडतो हजारात दोन भाग, डेसफ्लुरेन दहा हजारांत दोन. डेसफ्लुरेनमध्ये फ्लोरीनशिवाय दुसरा हॅलोजनच नाही. यकृताच्या दृष्टीने प्रश्न सुटला. पण जे शरीरात मोडत नाही ते श्वासावाटे जसेच्या तसे बाहेर येते, रुग्णालयाच्या छपरावरच्या नळीतून हवेत जाते, तिथेही सुमारे चौदा वर्षे टिकते आणि कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता अडवते. युरोपीय संघाने २०२६ च्या आरंभापासून त्याचा वापर वैद्यकीय निकड असेल तिथेच मर्यादित केला आहे. हे औषध रचणाऱ्यांची चूक होती असे मी म्हणणार नाही. टेबलावर झोपलेल्या माणसाचे यकृत वाचवणे हेच त्यांचे पहिले कर्तव्य होते. परंतु बंध शरीरात तुटू नये असे ठरवले की तो दुसरीकडे कुठे तुटणार याची जबाबदारी आपोआप अंगावर येते, आणि ती कोणी घेतली नाही.

आता डीडीटीकडे वळतो. हा रेणू १८७४ मध्ये ओटमार त्सायडलर यांनी बनवला आणि तो पासष्ट वर्षे कपाटात राहिला. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर यांना त्याचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. डीडीटीबद्दल बोलताना त्याचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा आणि त्यात सुमारे आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. भिंतींवर फवारलेली डीडीटी महिनोन् महिने टिकत असे, म्हणून गावोगावी वर्षातून दोनदा फवारणी पुरेशी ठरत होती. सरकारी कारखाने उभे राहिले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतही डीडीटी बनत असे. ज्या टिकाऊपणाने हे साधले तो टिकाऊपणा कुठून आला, हे रेणूकडे पाहिले की कळते. डीडीटीत पाच क्लोरीन आहेत. दोन आहेत बेंझिनच्या कड्यांवर, म्हणजे जिथून ते काढायला मघाशी सांगितलेली ३५० अंशांची भट्टी लागते अशा जागी. उरलेले तीन एकाच कार्बनवर, आणि त्याला लागून असलेल्या कार्बनवर एक हायड्रोजन. म्हणजे तिसऱ्या वाटेला, विलोपनाला, लागणारी सगळी सामग्री तिथे तयार आहे.

निसर्गात घडते ते हेच. जमिनीत, प्राण्यांच्या शरीरात डीडीटी एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन गमावते आणि तिचे डीडीई बनते. कागदावर हे विघटन आहे. रेणू मोडला असे म्हणता येते. पण उरलेल्या चार क्लोरीनची अवस्था पाहा: दोन पूर्वीप्रमाणेच कड्यांवर, आणि दोन आता दुहेरी बंधाच्या कार्बनवर, जिथे मागून येणाऱ्या आगंतुकाला वाट नाही आणि स्वतःहून निघून जाणेही अवघड. एका क्लोरीनच्या मोबदल्यात उरलेले चार कुलूपबंद झाले. डीडीई डीडीटीहूनही चिवट निघाली, पाण्यात न विरघळता चरबीत साठत गेली, किड्यातून माशात, माशातून पक्ष्यात. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की संग्रहांतल्या जुन्या अंड्यांच्या तुलनेत बहिरी ससाण्याच्या अंड्यांचे कवच १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एकाएकी पातळ झाले आहे. पुढे झालेल्या प्रयोगांत त्याचे कारण मुख्यतः डीडीई असल्याचे दिसले. आणि याच अभिक्रियेचा दुसरा परिणाम माणसाला भोवला. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्यांच्या शरीरात एक विकर सापडले. ते डीडीटीतून हायड्रोजन आणि क्लोरीन काढून तिची डीडीई करते, जी माशीला मारत नाही. म्हणजे एकाच विलोपनाने माशी वाचली आणि ससाण्याचे अंडे फुटले. भारतात १९७६ मध्ये हिवतापाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. त्याला निधी, पुरवठा, प्रशासन अशी अनेक कारणे होती, पण डासांची वाढलेली प्रतिकारशक्ती हे त्यांतले एक मोठे कारण होते.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. आक्षेप असा की गरीब देशांत मुले हिवतापाने मरत असताना ससाण्यांच्या अंड्यांची काळजी करणे हे पोटभरल्या समाजाचे चोचले आहेत. मला या आक्षेपातली वेदना मान्य आहे आणि म्हणूनच तपशील बघावासा वाटतो. घरातल्या भिंतीवर मारायची डीडीटी मात्रेने थोडी असते आणि एका जागी राहते. शेतात, विमानांतून, कापसावर आणि भाजीपाल्यावर ती ओतली गेली तेव्हा तिचे प्रमाण अनेक पटींनी वाढले, आणि डासांच्या पिढ्या तिच्या सहवासातच वाढल्या. अंड्यांची कवचे पातळ करणारा आणि औषध बोथट करणारा वापर बव्हंशी हा दुसरा होता. भारताने १९८९ मध्ये शेतीतला वापर थांबवला. चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम करारानेही रोगवाहक कीटकांसाठी डीडीटीला सवलत ठेवली. बंध लवकर तुटत नाही हे एकदा मान्य केले की वापर कुठे ठेवायचा हे ठरवता येते. मुलांना वाचवण्यासाठीच ती जपून वापरायला हवी होती.

केरळच्या कासारगोडमधले एंडोसल्फान हे कीटकनाशक त्याच चुकीचे दुसरे रूप. काजूच्या बागांवर तिथे वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून फवारणी झाली. या रेणूतला गंधकाचा पूल सहज मोडतो, म्हणून तो डीडीटीसारखा चिवट नाही, असा बचाव केला जात असे. पण जमिनीत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन एंडोसल्फान सल्फेट बनते. सहाच्या सहा क्लोरीन जागच्या जागी, विषारीपणा तेवढाच, टिकण्याची मुदत अधिक. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मे महिन्यात त्यावर बंदी घातली. मूळ पदार्थ किती दिवसांत नाहीसा होतो हा आकडा, तो कशात नाहीसा होतो हे सांगितल्याशिवाय, दिशाभूल करणारा असतो.

आता पुन्हा शीतकांकडे. मिजलीच्या वायूत हायड्रोजन नाही, म्हणून हवेत फिरणारा हायड्रॉक्सिल मूलक, जो बहुतेक सेंद्रिय वायूंचा निकाल लावतो, त्याला उचलायला काही सापडत नाही. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून पावसाने धुतला जात नाही. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या उजेडात त्याचा बंध तोडण्याइतका जोर नाही. उरते एकच जागा: वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर, जिथे तीव्र अतिनील किरण पोहोचतात. तिथे फ्लोरीन जागचा हलत नाही, क्लोरीन सुटतो. हा सुटा क्लोरीन अणू ओझोनचा एक ऑक्सिजन घेतो, दुसऱ्या ऑक्सिजन अणूला देऊन टाकतो आणि पुन्हा मोकळा होतो; असे एका अणूकडून सुमारे लाखभर ओझोन रेणू नष्ट होऊ शकतात. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांचा यावरचा निबंध १९७४ च्या जूनमध्ये ‘नेचर’मध्ये आला. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅले येथील नोंदींतून ओझोनची घसरण दाखवली. आग विझवणाऱ्या हॅलॉन वायूंची कथाही तशीच आहे. त्यांतला ब्रोमीन ज्वालेत पटकन सुटतो म्हणून आग विझते, आणि उंचावर पटकन सुटतो म्हणून तो क्लोरीनहूनही घातक ठरतो.

इथे दुसरा आक्षेप येतो, पश्चातबुद्धीचा. १९३० मध्ये हे कोणाला कळणार होते? पूर्ण साखळी कळली नसती, हे खरे. क्लोरीन आणि ओझोन यांचे चक्र १९७० च्या दशकातच स्पष्ट झाले. पण प्रश्न विचारायला उत्तर आधी माहीत असावे लागत नाही. जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ च्या सागरी प्रवासात अटलांटिकवरच्या हवेत असा एक वायू मोजला, आणि १९७३ च्या निबंधात त्यापासून कसलाही धोका संभवत नाही असे मत नोंदवले. विषारीपणाच्या मोजपट्टीने त्यांचे मत बरोबरच होते. हीच मोजमापे ऐकून रोलंड यांनी निराळा प्रश्न विचारला: हा वायू हवेत साठतोच आहे, तर शेवटी त्याचे होते काय? त्यांच्याकडे लव्हलॉक यांच्याहून अधिक आकडे नव्हते. बंधांच्या ऊर्जा आणि प्रकाशशोषणाच्या मोजमापांवर त्यांनी आणि मोलिना यांनी कागदावर हिशेब मांडला, आणि त्या हिशेबालाच १९९५ चे नोबेल मिळाले. हा प्रश्न दहा-वीस वर्षे आधी कोणी विचारला असता तर संशोधनाची दिशा आधी बदलली असती, असे मानायला जागा आहे.

असा प्रश्न बंधनकारक केला तर उद्योग मरेल, हा तिसरा आक्षेप. मॉन्ट्रियल कराराचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. फ्रिज बंद पडले नाहीत. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत हायड्रोजन परत आणला, म्हणजे हायड्रॉक्सिलला पकडायला जागा मिळाली. मग क्लोरीन काढून टाकला. आणि अलीकडे दुहेरी बंध घातला, त्यामुळे हवेतला मुक्काम शंभर वर्षांवरून काही दिवसांवर आला. ही सगळी पावले बंध कुठे तुटेल याच प्रश्नाला धरून टाकलेली आहेत. खर्च कोणी करायचा यावर भारत आणि चीन अडून बसले, १९९० मध्ये लंडनला बहुपक्षीय निधी ठरला, आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. मला हे अडून बसणे न्याय्य वाटते. बिघाड प्रामुख्याने ज्यांनी केला त्यांनी दुरुस्तीचा भार उचलावा यात गैर काय? २०२२ च्या जागतिक आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येण्याची अपेक्षा आहे.

चौथा आक्षेप विरुद्ध दिशेने येतो: मग कार्बन-हॅलोजन रसायन सगळेच बंद का करू नये? कारण निसर्गच ते चालवतो. समुद्री शेवाळे, बुरशी, जिवाणू यांच्यात अशी पाच हजारांहून अधिक संयुगे सापडली आहेत. रोमन सम्राटांच्या वस्त्रांचा जांभळा रंग ब्रोमीनयुक्त होता. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर यांनी बारा हजार शंखगोगलगायींतून तो जेमतेम दीड ग्रॅम काढून त्याची घडण ठरवली. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चार आयोडीनचे संप्रेरक बनवते, आणि शरीरातली विकरे त्यातला एक आयोडीन काढतात तेव्हा ते खऱ्या अर्थाने कामाला लागते. सर्वांत सैल बंध शरीराने निवडला आणि तो तोडायचे हत्यारही सोबत ठेवले. याउलट फ्लोरीनचा बंध सजीवांनी क्वचितच वापरला आहे, म्हणून तो तोडणारी विकरेही दुर्मीळ आहेत. आणि प्रत्येक अपायाचे खापर हॅलोजनवर फोडता येत नाही. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकात दोन क्लोरीन आहेत, पण आपली गिधाडे मेली ती त्या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी केल्यामुळे. ते औषध आकाशात किंवा मातीत शतकभर टिकले म्हणून नव्हे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करण्यामागचे कारण निराळे होते, आणि ते निराळेच ठेवले पाहिजे.

निसर्ग एक दिवस सगळे पचवेल, अशीही एक भाबडी आशा ऐकू येते. १९९७ मध्ये वर्णन झालेला एक जिवाणू ड्रायक्लीनिंगच्या पर्क्लोरोइथिलीनमधले क्लोरीन एकेक करून काढतो, आणि तेच त्याचे श्वसन आहे. विलक्षण गोष्ट आहे. पण भूजलात योग्य जिवाणूंची साथ नसेल तर हे काम शेवटच्या क्लोरीनपाशी अडते आणि विनाइल क्लोराइड साठते, जे कर्करोगकारक आहे. अर्धवट विघटन मूळ पदार्थाहून वाईट असू शकते, हे डीडीई आणि एंडोसल्फान सल्फेट यांनी आधीच दाखवले होते.

ही सगळी उदाहरणे मी ज्या प्रश्नासाठी गोळा केली तो आज आपल्या दाराशी आहे. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन अपघाताने सापडले. ते बनवताना वापरलेले पर्फ्लोरोऑक्टॅनोइक आम्ल कारखान्यांच्या परिसरातल्या पाण्यात आणि मग जगभरच्या माणसांच्या रक्तात गेले. रक्तात ते निम्मे व्हायला काही वर्षे लागतात. २०१९ मध्ये ते स्टॉकहोमच्या यादीत आले आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोगकारक ठरवले. या घराण्यातले दुसरे पदार्थ मोडतात तेही फ्लोरीनच्या साखळीपर्यंतच, तिथे थांबतात. इटलीत विचेंझाजवळच्या अशा एका कारखान्यामुळे लाखो लोकांचे पिण्याचे पाणी दूषित झाले आणि २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री पुढे विकत घेतली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराममध्ये आली आहे. यंत्रे स्वतः दोषी नसतात, आणि फ्लोरीनचे रसायन आपल्याला औषधांसाठीही हवे आहे. परंतु तिथे काय बनते, सांडपाण्यात कोणता रेणू जातो, तो कशात मोडतो आणि कुठे थांबतो, ही माहिती दाभोळच्या खाडीवर जगणाऱ्या माणसांना मागण्याआधी मिळाली पाहिजे. परवाना देताना विषारीपणाच्या चाचणीइतकीच विघटनाच्या अंतिम उत्पादनाची नोंद सक्तीची असावी, ती मराठीत असावी, आणि ग्रामपंचायतीत वाचायला मिळावी, अशी माझी मागणी आहे. नव्या शीतकांनाही हीच कसोटी लावायला हवी. मोटारींत वापरले जाणारे दुहेरी बंधाचे जे शीतक काही दिवसांत मोडते, ते ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्लात मोडते. तेच तीन फ्लोरीनचे टोक पावसाबरोबर खाली येते, आणि त्याला पुढे मोडणारे निसर्गात फारसे काही नाही.

तरीही या बंधापुढे रसायनशास्त्राने हात टेकलेले नाहीत. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी पर्फ्लोरोऑक्टॅनोइक आम्लासारखी संयुगे डायमिथिल सल्फॉक्साइड आणि कॉस्टिक सोडा यांच्यात, पाणी उकळण्याच्या आसपासच्या तापमानाला मोडून दाखवली. त्यांनी फ्लोरीनच्या घट्ट बंधावर थेट घाव घातला नाही. रेणूच्या टोकाला असलेला कार्बॉक्सिल गट आधी काढून टाकला, आणि तो गेल्यावर साखळी स्वतःच ढासळत गेली. हाती उरले ते मुख्यतः साधे फ्लोराइड आणि फॉर्मेट. ज्यांच्या टोकाला कार्बॉक्सिलऐवजी सल्फोनिक गट आहे ते रेणू मात्र या पद्धतीला दाद देत नाहीत, आणि पाण्यात अत्यल्प प्रमाणात पसरलेले आम्ल आधी गोळा केल्याशिवाय ही पद्धत वापरता येत नाही. त्या दोन अडचणींवर आज काम चालू आहे. आपल्या विद्यापीठांतल्या सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळांनी हा विषय हाती घ्यावा, इतका तो मोठा आहे आणि इतका आपलाही आहे.